टाइल्सच्या आधी पाईप

गेल्या पावसाळ्यात आमच्या सरकारी रुग्णालयात एकाच आठवड्यात एकाच इमारतीतले तीन जण कावीळ घेऊन आले. तळमजल्यावरचे आजोबा, कॉलेजात जाणारा एक मुलगा आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेली, आठवा महिना लागलेली एक तरुणी. तिघांची घरे वेगळी, खाणेपिणे वेगळे. सामायिक होती ती फक्त इमारतीची पाण्याची टाकी. तपासणीत तिघांनाही हिपॅटायटिस ‘ई’ निघाला.

“इमारतीत अलीकडे काही खोदकाम, बांधकाम झालं का?” मी विचारले. आजोबांचा मुलगा म्हणाला, “खोदकाम नाही डॉक्टर. तिसऱ्या मजल्यावर एकांनी बाथरूम नवीन केलं, पण त्याला महिना होऊन गेला.”

तो महिनाच महत्त्वाचा होता. हिपॅटायटिस ‘ई’चा विषाणू पोटात गेल्यावर लक्षणे दिसायला साधारण दोन ते आठ आठवडे लागतात. सोसायटीने चेंबर उघडून पाहिला तेव्हा उलगडा झाला. मजुरांनी फोडलेल्या लादीचा चुरा आणि सिमेंटचे पाणी नहाणीतूनच सोडून दिले होते. ते खाली चेंबरमध्ये बसून घट्ट झाले, चेंबर तुंबला आणि पावसात वर आलेले मैलापाणी शेजारच्या जमिनीखालच्या टाकीत झाकणावाटे उतरले. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला, तर दर चार-पाच रुग्णांमागे एकीचा जीव जाऊ शकतो. ही मुलगी अकरा दिवसांनी बरी होऊन घरी गेली. दरवेळी असे होत नाही.

बातम्या आणि आपले घर

दूषित पाण्याच्या दोन बातम्या आपण अलीकडे वाचल्या. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि पिण्याच्या पाण्याकडे बोट दाखवले गेले. नंतर डिसेंबर 2025 च्या अखेरीस इंदूरच्या भागीरथपुरा भागात दूषित पाण्याने उलट्या-जुलाबांची साथ आली आणि माणसे दगावली. तेथे मुख्य जलवाहिनीला ज्या ठिकाणी गळती आढळली, त्याच जागेवर शौचालय बांधलेले होते.

दोन्ही वेळी आपण महापालिकांना जाब विचारला. ते योग्यच होते. पण स्वच्छ आणि घाण पाणी वेगळे ठेवण्याचा नियम रस्त्याखाली जितका लागू आहे, तितकाच आपल्या बाथरूमच्या भिंतीतही आहे. मुख्य वाहिनी तपासायला निदान कोणी अधिकारी असतो. घरातली शेवटची वीस फूट पाईप मात्र कोणीच तपासत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत प्लंबिंगसाठी स्वतंत्र भाग आहे, आयटीआयमध्ये प्लंबरचा अभ्यासक्रम आहे. तरी घरातले काम बहुधा तोंडी ठरते आणि दोन दिवसांत टाइल्सखाली झाकले जाते. पुढची पंधरा-वीस वर्षे ते कोणी पाहत नाही.

घाण पाणी मागे कसे येते?

आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळीच येते. पाणी गेले की पाईपमधला दाब उतरतो. कोणी थेट नळाला पंप लावला, तर पाईपमध्ये चक्क ओढ निर्माण होते. अशा वेळी नळाची रबरी नळी बादलीत बुडालेली असेल किंवा कमोडजवळचा जेट स्प्रे कमोडच्या पाण्यात पडलेला असेल, तर ते पाणी उलटे पाईपमध्ये खेचले जाऊ शकते. सकाळी तेच पाणी स्वयंपाकघराच्या नळाला येईल.

उपाय महागडा नाही. पिण्याच्या पाण्याची लाइन बाथरूमच्या लाइनपासून वेगळी काढावी. जेट स्प्रे महापालिकेच्या थेट लाइनवर न जोडता वरच्या टाकीच्या लाइनवर घ्यावा आणि त्याच्या आधी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. नळाचे तोंड बादलीच्या काठापेक्षा वर राहील एवढ्या उंचीवर नळ घ्यावा.

कोरडे बाथरूम, कोरडा ट्रॅप

सध्या काचेचे पार्टिशन टाकून बाथरूमचे ‘वेट’ आणि ‘ड्राय’ असे दोन भाग करण्याची पद्धत आहे. ज्येष्ठांचे घसरणे कमी होते, म्हणून मी तिचा समर्थक आहे. पण कोरड्या भागातल्या नहाणीकडे लक्ष हवे.

नहाणीच्या जाळीखाली वाकडा ट्रॅप असतो. त्यात साधारण दोन इंच पाणी साचून राहते आणि ड्रेनेजमधली हवा, झुरळे व जंतू तेवढ्याच पाण्याने अडवलेले असतात. त्या नहाणीत रोज पाणी गेले नाही, तर हे पाणी वाळते आणि मैलापाण्याच्या पाईपचे तोंड घरात उघडे पडते.

याची किंमत हाँगकाँगने 2003 मध्ये मोजली. ‘अमॉय गार्डन्स’ या वसाहतीत सार्सचा एक रुग्ण पाहुणा म्हणून आला, त्याला जुलाब होत होते. पुढच्या काही आठवड्यांत तेथील तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. चौकशीत दिसले की लोक बाथरूमची फरशी धुण्याऐवजी पुसत असत. त्यामुळे ट्रॅप कोरडे पडले होते आणि एक्झॉस्ट फॅन चालू केला की ड्रेनेजच्या पाईपमधले बारीक तुषार घरात ओढले जात होते.

म्हणून कोरड्या भागात नहाणी ठेवायची असेल, तर बेसिनचे पाणी त्याच ट्रॅपमधून जाईल अशी जोडणी करून घ्यावी. ते शक्य नसेल, तर आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे. डक्टमधला हवेचा पाईप, म्हणजे व्हेंट, अडचण होते म्हणून कापू देऊ नये. तो नसेल तर वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर खालच्या घराच्या ट्रॅपमधले पाणी ओढले जाऊ शकते.

कमोड हलवण्यापूर्वी

नव्या आराखड्यात कमोड या भिंतीवरून त्या भिंतीवर नेण्याचा आग्रह हमखास असतो. चार इंची पाईप जितका लांब जाईल तितका त्याला उतार हवा. दर फुटाला पाव इंच हा हिशेब लक्षात ठेवावा. फरशीखाली तेवढी जागा नसेल, तर पाणी पुढे जाते आणि मैला मागे राहतो. मग तुंबणे आणि सांध्यांतून झिरपणे सुरू होते. ते झिरपणे खालच्या घराच्या छतावर बुरशी बनून उतरते. औषधे नीट घेऊनही दमा आटोक्यात न येणाऱ्या मुलांच्या पालकांना मी घरातल्या ओलीबद्दल हमखास विचारतो. वरच्या बाथरूमवरून चाललेल्या भांडणाची गोष्ट तेव्हा बऱ्याचदा बाहेर येते. ते भांडण दोन कुटुंबांचे असते, श्वास त्या मुलाचा अडकतो.

भिंत उघडी असतानाच

आणखी दोन कामे याच वेळी करून घ्यावीत. पहिले गीझरचे. गॅस गीझर बाथरूमच्या आत कधीही बसवू नये. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे धोका कळण्याआधीच माणूस बेशुद्ध पडतो. गीझर बाहेर मोकळ्या हवेत ठेवून गरम पाण्याचा पाईप तेवढा आत आणावा.

दुसरे काम आधाराच्या दांड्यांचे. कमोडशेजारी आणि शॉवरजवळ दांडी कोठे येणार हे आधी ठरवले, तर तेथून पाईप जात नाही आणि भिंतही भक्कम करता येते. आज घरात म्हातारे कोणी नसेल. पंधरा वर्षांनी आपणच असू.

पैसे देण्यापूर्वी

टाइल्स बसवण्याआधी चार गोष्टी पूर्ण झाल्याशिवाय ठेकेदाराला पुढचा हप्ता देऊ नये. नव्या पाईपमध्ये दाबाने पाणी भरून ते रात्रभर ठेवावे आणि सकाळी दाब उतरला का ते पाहावे. वॉटरप्रूफिंग झाल्यावर फरशीवर किमान 24 तास पाणी साठवून खालच्या घराचे छत तपासावे. प्रत्येक उघड्या भिंतीचा, बाजूला मोजपट्टी ठेवून, मोबाइलवर फोटो काढावा. पुढे दांडीसाठी किंवा आरशासाठी भोक पाडताना तोच नकाशा होतो. आणि चौथी गोष्ट म्हणजे राडारोडा. काम चालू असताना नहाणी आणि कमोडची तोंडे बंद ठेवावीत, चुरा गोण्यांत भरून खाली न्यावा आणि काम संपल्यावर सोसायटीच्या माणसासोबत चेंबर उघडून पाहावा.

सोसायट्यांनीही बाथरूमच्या कामाला परवानगी देताना फक्त आवाजाच्या वेळा आणि लिफ्टचे पैसे ठरवून थांबू नये. या चार गोष्टींची लेखी हमी घ्यावी. जमिनीखालच्या टाकीचे झाकण जमिनीच्या वर उचलून घट्ट बसवावे आणि टाकी चेंबरच्या शेजारी असेल तर तिचे पाणी वेळोवेळी तपासून घ्यावे.

त्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना मी नंतर भेटलो. भले माणूस. त्यांनी चांगल्यातल्या टाइल्स आणल्या होत्या, रंग बायकोने निवडला होता. चुरा कोठे गेला हे विचारायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.