आधी माप, मग रूप

गतवर्षी नातवासमवेत घरीच संगणक जुळविला. इतर सुटे भाग पारखून घेतले. कॅबिनेट मात्र मी दर्शनी काचेच्या झळाळीवर भाळून निवडले. वैशाखात चिरंजीवांच्या दुकानाचे हिशेब लिहिताना यंत्र तापून बंद पडले आणि दोन तासांच्या नोंदी गेल्या. समोर अखंड काच. हवेला आत शिरण्यास वाटच नव्हती.

तेव्हा वाचकहो, प्रथम मदरबोर्डचे माप पाहावे. एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स दोन्ही बाजूंनी कमाल २४४, मिनी-आयटीएक्स १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये बहुधा लहान बोर्ड बसतो. लहानात मोठा नाही. ग्राफिक्स कार्डची लांबी व कूलरची उंची माहितीपत्रकाशी ताडून पाहावी. समोर जाळी व हवा आत घेणारा पंखा, मागे ती बाहेर टाकणारा पंखा असावा. धूळ अडविणारी गाळणी काढून धुता यावी. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर विसंबू नये; तो स्वतंत्र, खात्रीचा घ्यावा.

बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही दुकानाची पाटी नव्हे, ताळेबंद वाचत असू. घरच्या खरेदीत मी पाटीच वाचली. आता जाळीचे साधे कॅबिनेट आणले आहे. हिशेब निर्वेध चालतो.