फी भरणारा मामा कायद्याच्या कुटुंबात बसत नाही

आपल्या घरांत मुलांची फी कोण भरतं? ज्याला पहिला पगार मिळाला तो. मी बनारसमध्ये नोकरी करतो; धाकट्या भावाची कॉलेजची आणि गावाकडच्या भाचीची शाळेची फी माझ्या पगारातून जाते. आयकर कायद्याच्या लेखी मात्र या फीपुरते हे दोघेही माझे कुणी नाहीत.

जुन्या करप्रणालीत कलम ८०सी खाली शिक्षण शुल्काची वजावट मिळते, ती फक्त स्वतःच्या दोन मुलांची. शैक्षणिक कर्जाच्या व्याजासाठीचं कलम ८०ई स्वतः, जोडीदार, मुलं आणि आपण ज्याचे कायदेशीर पालक आहोत तो विद्यार्थी, इथवर येऊन थांबतं. मग मामाने पालक व्हावं का? १८९० चा पालक व पाल्य कायदा सांगतो, की आई किंवा वडील हयात आणि लायक असताना न्यायालय दुसरा पालक नेमत नाही. शिवाय अठरा पूर्ण झाली की पालकत्व संपतं आणि कॉलेजचा खरा खर्च तेव्हाच सुरू होतो.

याच कायद्यात रजा प्रवास सवलतीसाठी अवलंबून असलेले भाऊ-बहीण 'कुटुंब' ठरतात. अपंग अवलंबितांच्या ८०डीडी कलमातही ते आहेत. म्हणजे भावाला सहलीला नेलं तर तो घरचा आणि कॉलेजात घातलं तर परका!

आता दुसरं कुटुंब पाहा. मिताक्षरेच्या एका शाखेला याच बनारसचं नाव आहे. मुलाचा वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क, हा मिताक्षरेचा गाभा. त्या परंपरेतलं 'हिंदू अविभक्त कुटुंब' १९२२ च्या आयकर कायद्यात स्वतंत्र करदाता होतं, १९६१ च्या कायद्यात राहिलं आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही आहे. त्याला वेगळं पॅन, वेगळी करमुक्त मर्यादा. कागदावर हे दार आपल्यालाही उघडं आहे. पण ज्याच्या आज्याच्या नावावर सातबारा नव्हता, त्याने अविभक्त ठेवायचं काय? कर्ज?

बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात ही जन्मसिद्ध सहदायाद पद्धत मोडण्याची तरतूद होती. २०१८ मध्ये विधी आयोगानेही आपल्या सल्लामसलत पत्रात ती मोडीत काढण्याची बाजू मांडली. तरी ती करसवलत शाबूत आहे.

कुणी म्हणेल, नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही, मग तक्रार कशाची? हा दिलासा खरा आहे. पण त्या प्रणालीत फीची वजावट सगळ्यांचीच गेली, अविभक्त कुटुंबाची वेगळी करमुक्त मर्यादा मात्र राहिली. मिळकतीने जोडलेलं कुटुंब सरकारला दिसतं, जबाबदारीने जोडलेलं दिसत नाही.

गैरवापर होईल, ही भीतीही ऐकतो. त्यावर उपाय सोपा आहे: एका विद्यार्थ्यासाठी एकच दावेदार, पैसे बँकेतून, पावतीवर त्याचा पॅन. नातं कोणतंही असो, फी ज्याने भरली त्याचा दावा.

तोवर एक व्यवहाराची गोष्ट. भावाच्या उच्च शिक्षणाचं कर्ज बँकेतून त्याच्याच नावावर काढा. नोकरी लागल्यावर स्वतः भरलेल्या व्याजाची वजावट जुन्या प्रणालीत तो आठ वर्षांपर्यंत घेऊ शकतो. आणि अर्थसंकल्पाआधी मंत्रालय सूचना मागवतं, तेव्हा ही मागणी लिहून पाठवा. अविभक्त कुटुंबांची बाजू मांडायला सनदी लेखापाल आहेत. आपली बाजू आपल्यालाच मांडावी लागेल.