दंड सारखा, चटका वेगळा

भाड्याच्या टेम्पोतून कापडाचे तागे वाहणाऱ्या चालकाने सिग्नल तोडला आणि परदेशी मोटारीतल्या शेठजींनी तोच सिग्नल तोडला, तर दोघांनाही दंड एकच. कायद्यापुढे सारे समान, असे यावर सांगितले जाते. पण पहिल्याची दिवसाची कमाई गेली, घरी काय न्यावे हा प्रश्न पडला. दुसऱ्याने खिशात हात घातला आणि विसरून गेला. ज्या दंडाचा श्रीमंताला धाकच नाही, तो दंड नव्हे, नियम मोडण्याचे भाडे झाले.

फिनलंडने १९२१ सालीच यावर तोडगा काढला. तेथे गंभीर गुन्ह्याचा दंड आधी दिवसांत ठरतो. गुन्हा मोठा, तितके दिवस जास्त. एका दिवसाची रक्कम मात्र ज्याच्या त्याच्या निव्वळ मिळकतीवरून काढतात. त्यातून जगण्यापुरते पैसे आधीच वगळतात. समजा, दोघांना बारा-बारा दिवसांचा दंड झाला. ज्याचा दिवस २० युरोंचा, तो २४० भरील. ज्याचा २०० युरोंचा, तो २,४००. वेगमर्यादा थोडीशी ओलांडली तर तेथेही ठरावीक रकमेचीच पावती फाडतात.

२०२३ साली ओलांद बेटांवरील उद्योगपती आंदेर्स विक्लोफ यांनी ताशी ५० किलोमीटरच्या हद्दीत ८२ च्या वेगाने मोटार हाकली. दंड झाला १,२१,००० युरो! २००२ साली नोकिया कंपनीचे अधिकारी आन्सी वान्योकी यांना १,१६,००० युरोंचा दंड झाला होता. पण मिळकत घटल्याचे दाखवून दिल्यावर तो सुमारे ५,२०० वर आला. म्हणजे हा तराजू दोन्ही बाजूंनी खरा आहे.

आम्हां मुसलमानांना हे तत्त्व नवे नाही. जकात निसाबच्या खाली असणाऱ्यावर नाही. वर असणाऱ्याने अडीच टक्के द्यायची, मग लाख असोत वा कोटी. शपथ मोडल्याचा कफ्फारा दहा गरिबांना जेवण किंवा कपडे देऊन भरायचा. तेवढी ऐपतच नसेल तर तीन रोजे. चूक तीच, भार मात्र ऐपतीप्रमाणे.

मग आपल्याकडे असे का नको? २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना वाहन चालवण्याचा दंड ५०० वरून ५,००० रुपये झाला, तोही सरसकट. रक्कम दहापट झाली, अन्याय तसाच राहिला.

अडचण आहे ती हिशेबाची. फिनलंडच्या पोलिसाला कर खात्याच्या नोंदीतून मिळकत कळते. आपल्याकडे निम्मा व्यवहार रोखीचा, आणि स्पष्टच बोलायचे तर आपल्या बाजारपेठांतही दोन वह्या ठेवणारे कमी नाहीत. उद्या हा कायदा आला तर पगारपत्रक असलेला कारकून पुरता दंड भरील आणि मिळकत लपवणारा पेढीवाला गरिबाच्या दराने सुटेल. इंग्लंडने १९९२ साली मिळकतीनुसार दंड सुरू केला होता. किरकोळ गुन्ह्यांना अवाच्या सवा दंड होऊ लागले, ओरड झाली आणि १९९३ मध्ये तो गुंडाळावा लागला. घाई केली तर आपल्याकडेही तेच होईल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. महाराष्ट्रात खासगी मोटारीवरचा एकरकमी कर किमतीच्या टक्क्यांनी घेतात. ती किंमत आरटीओच्या दप्तरी आहे, ई-चलानही मालकाच्याच नावाने निघते. मग वेगमर्यादा मोडण्याचा दंडही गाडीच्या किमतीप्रमाणे चढता का नसावा? मिळकत विचारण्याची गरज नाही, आणि पगारी ड्रायव्हरवर शेठजींचा भारही पडणार नाही. टेम्पो-रिक्षा ही पोट भरण्याची साधने; त्यांचा दर वेगळा, हलका ठेवावा. व्यापारी संघटनांनी ही मागणी लावून धरावी.

पण मागणी करणाऱ्याची स्वतःची वही स्वच्छ हवी. ऐपतीप्रमाणे न्याय मागायचा, तर ऐपत खरी सांगावी लागते. आणि ज्याची वही खोटी, त्याची जकात तरी खरी कशी निघणार? तेव्हा सरकारकडे अर्ज धाडण्याआधी प्रत्येकाने आपल्या दुकानातला तराजू आणि गल्ल्याशेजारची वही एकदा तपासावी.