हवेचा सातबारा कुणाच्या नावावर?

दोस्तांनो, जमिनीचा सातबारा आपल्या नावावर नव्हता. पाणवठा आपला नव्हता. आता हवेचाही सातबारा निघालाय. तो कुणाच्या नावावर चढतोय, नीट बघा.

मोबाइलमधला आवाज, चित्र, पैसा सगळं रेडिओलहरींवरून टॉवरपर्यंत जातं. ह्या लहरी मर्यादित, म्हणून सरकार त्यांचा लिलाव करतं. फेब्रुवारी १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं बजावलं की ह्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. सार्वजनिक म्हणजे कुणाची? तुझी, माझी, झोपडपट्टीतल्या मावशीची. त्याच वर्षी ३१ जुलैला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. एका टोकाला मुख्यमंत्री, दुसऱ्या टोकाला केंद्रीय मंत्री. मालक आपण, बोलणार ते!

२०२२ च्या लिलावात दीड लाख कोटींच्या लहरी विकल्या गेल्या. लिलाव चालू असतानाच, २७ जुलैला, केंद्रीय मंत्रिमंडळानं २४,६८० गावांत फोर-जी पोचवायची २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. म्हणजे शहरात फाइव्ह-जीची वरात निघायच्या वेळी हजारो गावं अजून टेकडीवर चढून रेंज शोधत होती.

हा विज्ञानाचा दोष नाही. ७०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतून आत शिरते. थोड्या टॉवरांत मोठा मुलूख झाकते. खेड्यासाठी हीच लहर कामाची. पण २०१६ आणि २०२१ च्या लिलावांत तिला एकही गिऱ्हाईक मिळालं नाही. सरकारला भाव चढा हवा होता, कंपन्यांना स्वस्त. दोघांच्या घासाघिशीत लहर वर्षानुवर्षं पडून राहिली आणि किंमत मोजली ती रेंज नसलेल्यांनी. ह्याला म्हणायचं नियोजन?

आणि योजनेत मोजतात काय? गाव. गाव म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गावात टॉवर लागला की कागदावर गाव जोडलं गेलं. गावकुसाबाहेरची वस्ती? ओढ्यापलीकडचा पाडा? त्यांचा रकाना वेगळा हवा. टॉवरचं भाडंसुद्धा ज्याच्याकडं जमीन त्यालाच. भूमिहीनाला फक्त त्याची सावली.

हा गप्पा मारायच्या सोयीचा प्रश्न नाही, पोटाचा आहे. २०२१ मध्ये अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या माणसाला लसीसाठी आधी ऑनलाइन नाव नोंदवायला लावलं. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुराची हजेरी मोबाइलवर सक्तीची केली. रेंज गेली की हजेरी अडकली, हजेरी अडकली की मजुरी अडकली. हक्क तारेला बांधायचा आणि तार वस्तीत न्यायची नाही, ही नवी वेसबंदी आहे.

नोकऱ्यांचंही तेच. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून अठ्ठ्याहत्तर हजारांहून जास्त कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीनं घरी गेले. सरकारी कंपनीत आरक्षण होतं. जीव मुठीत धरून टॉवरवर चढणाऱ्या कंत्राटी पोराला कसलं आरक्षण?

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मागणी केली होती की कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, आणि हे घटनेतच लिहावं. आजच्या जगात दूरसंचार कळीचा नाही तर काय?

मार्च २०२३ मध्ये सरकारनं सिक्स-जीचं दृष्टिपत्र काढलं. पुढचा लिलाव येईल, पुढचा आराखडा येईल. तेव्हा रडण्यापेक्षा आत्ताच बोला. मोजणी गावाची नको, वस्तीची करा, पाड्याची करा. चौकातली रेंज दाखवू नका, घरातली दाखवा. लहर विकताना तीच अट घाला. अट मोडेल त्याची लहर काढून घ्या. कंपन्यांच्या उत्पन्नातून २००२ पासून जमणाऱ्या सार्वत्रिक सेवा निधीचा, आता ज्याला डिजिटल भारत निधी म्हणतात त्याचा, वस्तीवार हिशोब चावडीवर लावा. टॉवरवर चढणाऱ्याला कायम नोकरी आणि विमा द्या.

ट्राय लिलावाआधी चर्चापत्र काढून मतं मागवते. तिथं कंपन्यांचे साहेब हजर असतात. शिकलेल्या पोरांनो, तुम्ही कुठं असता? रील बघायला रेंज लागते, तशी वस्तीची बाजू मांडायलाही लागते. आपापल्या वस्तीत जा, कुठल्या घरात फोन लागत नाही ते लिहून काढा आणि तो कागद त्यांच्या टेबलावर आपटा.

हवा कुणाच्या बापाची नाही. लहरीही नाहीत.