सौरकर्जाची किल्ली शाखाधिकाऱ्याच्या हाती

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेने एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसविण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान, शिवाय दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज, अशी ही रचना कागदावर तरी निर्दोष आहे. मात्र अनुदान मिळते ते संच सुरू झाल्यानंतर. तोपर्यंतचा पैसा ज्याच्या गाठीशी नाही, त्याला बँकेची पायरी चढावीच लागते. त्यामुळे योजना दिल्लीत आखली गेली, तरी तिचे भवितव्य बव्हंशी शाखेतल्या कर्ज अधिकाऱ्याच्या टेबलावर ठरते.

हा अधिकारी सौरकर्जाला का बिचकतो, हे समजून घेण्यासारखे आहे. ट्रॅक्टर, दुभते जनावर किंवा घर यांसाठी कर्ज देण्याचे ठोकताळे त्याला पाठ असतात. सौरसंचाचे तसे नाही. हप्ते थकले तर छपरावरचे पॅनेल उतरवून विकणार कोणाला? संच पाच वर्षांनीही चालेल, याची हमी कोण देणार? त्यातून उत्पन्न वाढते, की हा निव्वळ घरखर्च? उत्तरे ठाऊक नसली की अर्ज नामंजूर होत नाही, तो नुसता पडून राहतो!

कर्नाटकात हा प्रश्न दोन दशकांपूर्वीच हाताळला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००३ मध्ये कॅनरा बँक आणि सिंडिकेट बँक यांच्या साह्याने तेथे घरगुती सौरदिव्यांसाठी कर्ज कार्यक्रम सुरू केला. भारनियमनाने बेजार झालेल्या घरांसाठी दोन-चार दिव्यांचे हे संच होते. व्याजाचा दर सुरुवातीला बाराएक टक्क्यांवरून पाचावर आणण्यात आला आणि गाजावाजा झाला तो याच सवलतीचा. वास्तविक कार्यक्रमाचा कणा होते बँक कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि पुरवठादारांची पारख. बँकांनी पात्र ठरवलेल्या पुरवठादारांकडूनच संच घ्यायचा आणि विक्रीनंतरच्या देखभालीची जबाबदारी त्याच पुरवठादारावर, अशी अट होती. संच बंद पडला की ग्राहक हप्ता थांबवतो. साहजिकच, देखभाल हेच या कर्जाचे खरे तारण ठरले.

व्याज सवलत टप्प्याटप्प्याने काढून घेतली गेली, तरी कर्जवाटप चालू राहिले. २००७ पर्यंत १८ हजारांहून अधिक संचांना कर्ज मिळाले आणि दोन हजारांवर शाखा या कामात आल्या. देशाच्या मानाने आकडा लहान आहे. पण सवलतीची कुबडी काढल्यावरही बँका मागे फिरल्या नाहीत, ही बाब लहान नाही.

याच कर्नाटकात १९९५ पासून सौरदिवे विकणाऱ्या ‘सेल्को’ या कंपनीने बँकांना आणखी एक धडा दिला. कंपनीचे सहसंस्थापक हरीश हांडे यांना पुढे २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरच्या फेरीवाल्याला महिन्याचे तीनशे रुपये जड जातात, पण रोजचे दहा रुपये परवडतात, हा तो धडा. कर्ज तेच, हिशेबही तोच; फक्त हप्ता कमाईच्या तालावर बसवायचा. गंमत अशी, की दारोदार फिरून रोज आणे गोळा करणारी ‘पिग्मी’ ठेव योजना सिंडिकेट बँकेच्याच पूर्वसूरींनी १९२८ मध्ये उडुपीत सुरू केली होती. ठेवी घेताना बँकेला जे सुचले, ते कर्ज देताना नव्याने शिकवावे लागले.

त्यानंतर धोरण अनुकूल होत गेले. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने अपारंपरिक ऊर्जेला अग्रक्रम क्षेत्रात स्थान दिले. घरगुती कर्जाची मर्यादा दहा लाख रुपये ठेवली. आज अर्जही ऑनलाइन करता येतो. तथापि, अधिकाऱ्याला ठाऊक असायला हवे ते संगणक सांगत नाही. शेजारच्या इमारतीची सावली दुपारी छपरावर पडते का? छप्पर अर्जदाराचेच आहे, की सोसायटीचे? एक किलोवॉटमागे महिन्याला साधारण १२० युनिट वीज मिळते. ज्या घराचा वापरच शंभर युनिटांच्या आत आहे, त्याने तीन किलोवॉटचे कर्ज घेतले तर बिलातली बचत हप्त्याला पुरत नाही. अनुदान तीन किलोवॉटला कमाल होत असल्याने विक्रेता मात्र तेवढाच संच गळ्यात मारू पाहतो. इथे ग्राहकाला सावध करू शकणारा माणूस म्हणजे कर्ज अधिकारी. अर्थात, त्याला हे गणित येत असेल तर.

प्रशिक्षणाची खरी अडचण वर्गात नाही, बदलीत आहे. सरकारी बँकांतील अधिकारी काही वर्षांतच दुसऱ्या शाखेत जातो आणि परिसरातील पुरवठादारांची, छपरांची, कर्जदारांची त्याने मिळवलेली जाण त्याच्याबरोबर निघून जाते. नवा अधिकारी पुन्हा पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो. कर्नाटकातील त्या दोन बँकांपैकी सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. आजच्या शाखांत त्या कार्यक्रमाची ओळख असलेले किती जण उरले असतील, याचा अंदाज कोणत्याही बँकेच्या बदल्यांची यादी पाहून बांधता येईल.