पुसण्याआधी वाचा

परभणीच्या उन्हाळ्यात, धुळीच्या शेतरस्त्यांवर, कंपनीचा एअर फिल्टर काढून उघडा फिल्टर लावलेली गाडी निळा धूर सोडू लागली की थेट बोअर-पिस्टन बदलायला निघतात. इंजिन जरूर खोलावं, पण भाग पुसण्याआधी वाचावेत. बोअर वरच्या बाजूला जास्त झिजलं असेल तर संशय धुळीवर. इनटेक व्हॉल्व्हवर तेलकट काजळी असेल तर व्हॉल्व्हच्या सीलवर. ‘कॉम्प्रेशन चांगलं आहे, म्हणजे रिंगा ठीक,’ असं सांगतात. पण दाब प्रामुख्याने वरच्या रिंगा धरतात. ऑइल खरवडणारी खालची रिंग काजळीने जाम झाली तरी कॉम्प्रेशन मीटर बहुधा गप्प! खोलाईचा खर्च मोठा, हे खरंच. म्हणून गाडीला टर्बो असेल तर त्याच्या पाइपात ऑइल साचलंय का, ते आधी पाहावं; तेवढ्यासाठी हेड उतरवावं लागत नाही.