बंजी कॉर्डवाल्यांनो, पुरे!

जीप घेतली की मागच्या सीटमागे हाय-लिफ्ट जॅक आडवा टाकायचा, वर एक बंजी कॉर्ड ताणायची आणि म्हणायचं, "बांधलाय की!" मंडळी, याला बांधणं म्हणत नाहीत. चार फुटी जॅकचं वजन साधारण १३ किलो. ताशी ५० किमी वेगात गाडी आपटून थांबली, तर तो १० मीटर उंचीवरून पडावा तितक्या वेगाने पुढे येतो. आणि पुढे सीटवर पोरं बसलेली! रबर ताणतं, धरून ठेवत नाही. दोन्ही टोकांना लोखंडी ब्रॅकेट लावा, पत्र्यामागे जाड प्लेट देऊन नट-बोल्टने आवळा, हँडलही क्लॅम्प करा. दर ट्रिपआधी बोल्ट तपासा. "नव्या गाडीला भोकं कशी पाडू?" म्हणणाऱ्यांनो, भोक पत्र्याला परवडतं, डोक्याला नाही!